दोनदा जेवावे की दर दोन तासांनी?

वजन कमी करण्याच्या प्रश्नावर मराठी घरांत दोन तट पडले आहेत. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे नेलेली पद्धत सांगते, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकरांचा सल्ला दर दोनएक तासांनी थोडे थोडे खाण्याचा. सल्ले परस्परविरुद्ध, तरी बारीक झालेली माणसे दोन्हीकडे भेटतात.

दोनदा जेवणाऱ्याचा चारचा चहा, त्यासोबतची बिस्किटे आणि रात्रीचे फरसाण आपोआप सुटते. थोडे थोडे खाणारा ताटावर उपाशीपोटी तुटून पडत नाही, त्याची तिसरी पोळी वाचते. वाटा वेगळ्या, पण दिवसभराची एकूण ऊर्जा दोघांचीही घटते. खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते आणि तेवढा वेळ चरबी वितळणे मंदावते, हे खरेच आहे. मात्र हिशेब चोवीस तासांचा असतो. एकूण कॅलरी सारख्या ठेवून केलेल्या बहुतेक तुलनांत, किती वेळा खाल्ले याने वजनात फारसा फरक पडलेला नाही.

आपली एकादशीच पाहा. १०० ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी, जवळजवळ सगळा स्टार्च. त्यात ५० ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या २८० आणि दोन चमचे तुपाच्या ९० मिळवा, बटाटा वेगळाच. एवढ्यात ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची उसळ आणि कोशिंबीर सहज बसते, शिवाय प्रथिनेही मिळतात. ६० किलोच्या माणसाला ती रोज ५० ग्रॅमच्या आसपास लागतात. पातळ वरणाच्या वाटीने हा आकडा गाठता येत नाही.

खरी गळती तेलात असते, आणि ती मोजायला सर्वांत सोपी. महिन्याला माणशी एक लिटर तेल म्हणजे रोजच्या साधारण २७० कॅलरी. ते निम्म्यावर आणले तर महिन्याला सुमारे ४,००० कॅलरी वाचतात, म्हणजे कागदावर अर्धा किलो चरबी. शरीर घटत्या वजनाबरोबर खर्चही आवरते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच.

व्यायामाकडून मात्र भलती अपेक्षा असते. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालून ७० किलोचा माणूस दोनशे-अडीचशे कॅलरी जाळतो. वाटेतला एक वडापाव ती कमाई परत घेतो. तरीही व्यायाम हवाच, कारण नुसते खाणे कमी केले की चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि उतरलेले वजन पुन्हा चढते. म्हणून चालण्याला आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठकांची जोड द्यावी.

पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी मोठी घट बरीचशी पाण्याची असते, तिच्यावर हुरळू नये. त्यापेक्षा कमरेवर टेप लावावी: पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, स्त्रियांनी ८०च्या आत.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय एकही जेवण गाळू नये.