जेऊरची सरकती काच

वसई पूर्वेच्या कारखान्यात प्लास्टिक फिल्म सेकंदाला दोन मीटर वेगाने पळत असते आणि वर टांगलेला कॅमेरा तिच्यातली भोकं, डाग शोधत असतो. मी गिरीजला घरी बसून त्याच्यासाठी कोड लिहितो. रूढ अर्थाने हा कॅमेरा फोटो काढतच नाही म्हणा ना. त्याच्याकडे पिक्सेल्सची एकच ओळ असते. माल खालून सरकतो, ओळीला ओळ जोडली जाते, चित्र तयार होतं. दर 0.1 मिलिमीटरला एक ओळ हवी, तर सेकंदाला 20,000 ओळी. एका ओळीच्या वाट्याला 50 मायक्रोसेकंद! एवढ्यात प्रकाश येऊन येऊन येणार किती? रंगीत सेन्सरवरचे फिल्टर त्यातलाही बराचसा खाऊन टाकतात. म्हणून कृष्णधवल.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. आणि तिचा एक देखणा वापर झाला तो आपल्या करमाळा तालुक्यात, जेऊरला. हो, पुणे-सोलापूर लाइनवरचं स्टेशन, तेच.

22 जानेवारी 1898, शनिवार. खग्रास सूर्यग्रहण. पुण्यातल्या रँडच्या खुनाला सात महिने झालेले, प्लेगची दहशत होतीच. अशात पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला जेऊरला तंबू ठोकून बसले होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचा विल्यम कॅम्पबेलही तिथेच, बायकोला घेऊन आलेला.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटं. पण खरी घाई तिच्या सुरुवातीला आणि शेवटी. सूर्याची तबकडी झाकली जाताना तिच्या कडेचा वायूचा पातळ थर, क्रोमोस्फिअर, क्षणभर एकटाच दिसतो. त्याचा वर्णपट काही सेकंदांत बदलत, विझत जातो. तेवढ्यात काचेच्या प्लेट्स बदलून बदलणार किती? कॅम्पबेलने प्लेट बदलायचं सोडूनच दिलं. प्लेटसमोर अरुंद फट ठेवली, वर्णपटाची बारीक पट्टी तेवढी आत घेतली आणि प्लेट सलग सरकवत ठेवली. एकाच काचेवर एका दिशेला तरंगलांबी, दुसऱ्या दिशेला काळ. आमच्याकडे माल सरकतो, त्याच्याकडे काच सरकली, एवढाच फरक!

गंमत म्हणजे काच कृष्णधवल, तरी मोजला जात होता रंगच. प्रिझमने रंग आधीच फाकवलेले असतात, त्यामुळे रेघ कुठे उमटली यावरून रंग कळतो.

आता थोडी कुरकुर. ग्रहण म्हटलं की आपल्याकडे विजयदुर्ग आठवतो, 'साहेबाचे ओटे' आणि हेलियमचा शोध. पण 1868 साली हेलियमची पिवळी रेघ पाहिली तेव्हा लॉकयर इंग्लंडात होता. विजयदुर्गाला तो आला 1898 च्या याच ग्रहणाला, आणि प्रिझमवाल्या कॅमेऱ्यांनी उत्तम काम करून गेला. ते सोडून त्याच्या नावावर भलतंच खपवायची काय गरज? आणि जेऊरचं तर नावही कुणी काढत नाही.

कॅम्पबेलच्या प्लेट्स मात्र वाया गेल्या नाहीत. 1900, 1905 आणि 1908 च्या ग्रहणांच्या प्लेट्सबरोबर त्या डोनाल्ड मेंझेलने रेघ न् रेघ अभ्यासल्या आणि 1931 साली क्रोमोस्फिअरवरचा आपला मोठा अभ्यास छापला. जेऊरच्या त्या शनिवारनंतर तेहतीस वर्षांनी.