निर्देशिकेतील खात्यांची चाळणी : एक ऐतिहासिक आढावा

संगणकीय निर्देशिका ही संस्थेतील वापरकर्त्यांची नोंदवहीच होय. १९८८ च्या एक्स.५०० मानकानंतर १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून सुटसुटीत एलडॅप पद्धती पुढे आली. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी अवतरली. २००६ मध्ये पॉवरशेल आणि २००९ मध्ये त्याचे निर्देशिका-मोड्यूल आल्याने हजारो खात्यांतून निष्क्रिय खाती एका आज्ञेने निवडणे अधिक सोपे झाले. तथापि, २००३ पासून उपलब्ध असलेली अंतिम प्रवेशाची सामायिक नोंद सामान्यतः ९ ते १४ दिवस मागे राहू शकते. परिणामी सात दिवसांची चाळणी रोज काम करणाऱ्यासही निष्क्रिय ठरवू शकते. सबब, ऐतिहासिक दप्तराप्रमाणेच या नोंदीचीही चिकित्सा केल्याशिवाय कोणाचे खाते बंद करणे न्याय्य ठरत नाही.