वारणेचे तांबडे पाणी

आमच्या वारणानगरच्या आसपास दिवाळीत मुले किल्ला करतात, तो बहुधा पन्हाळाच असतो. डोळ्यांसमोर तोच दिसतो, मग दुसरा कशाला शोधायचा? माती मात्र नदीकाठची आणतात, पोयट्याची. गेल्या दिवाळीत अशाच एका किल्ल्यावरून दोघा भावांचे भांडण लागले आणि ते माझ्यापुढे आले.

"गुरुजी, मी हातानं पाणी शिपडत हुतो. ह्यानं तांब्यानंच वतलं बघा!"

जाऊन पाहिले. ज्या उतारावर हळीव उगवून आले होते, तो जागेवर होता. मोकळी बाजू तटाबुरुजांसह पायथ्याशी चिखल होऊन पडली होती. दोन्ही बाजूंना पाणी तेवढेच, माती तीच. वारणेच्या खोऱ्याचा इतिहास सांगायचा तर मला याहून सोपा दाखला सुचत नाही.

वारणा सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचितगड-पाथरपुंजाच्या रानात उगम पावते आणि सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. माथ्यावरचा जांभा तांबडा, म्हणून पहिल्या पुराचे पाणीही तांबडे. हजारो वर्षे हा गाळ थराथराने काठावर बसला आणि त्यातून आमची मळीची जमीन झाली. १९५० च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या उसाखाली हीच माती आहे.

पाऊस इकडे पूर्वीपासूनच मोठा. १६६० च्या आषाढात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशालगडाकडे निघाले, ते धो धो पावसातच. तेव्हा "हल्ली पाऊस फार" एवढे म्हणून भागत नाही. बदलली आहे ती पडण्याची रीत. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते, आणि ते उतरते तेव्हा तांब्याने ओतल्यासारखे उतरते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. त्यांना बाष्प पुरवतो तो आपला अरबी समुद्र.

आता नदीचे गणित पाहा. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते दुप्पट वजनाचा धोंडा ढकलील असे आपल्याला वाटते. जलशास्त्रातला जुना ठोकताळा सांगतो, चौसष्ट पट! म्हणूनच वर्षभराच्या गाळाचा मोठा वाटा नदी पुराच्या मोजक्या दिवसांत वाहून नेते. ते दिवस अधिक उग्र झाले, तर एकूण पाऊस फारसा न वाढताही गाळ वाढतो. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघरला डोंगरच घरांवर आला. ती माणसे गेली, आणि डोंगराची माती ओढ्याला लागली.

मग हा सारा गाळ आमच्या शेतात येतो काय? नाही. वर चांदोलीचे धरण आहे, सुमारे ३४ अब्ज घनफुटांचे. वाहते पाणी तिथे थबकते आणि गाळ तळाशी बसतो. जितका गाळ, तितकी पाण्याची जागा कमी. ही जागा राखण्याचे काम वरचे रान करते, किल्ल्यावरच्या हळिवासारखे. १९३० साली याच खोऱ्यात बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, तेव्हा वाद होता जंगलावर हक्क कुणाचा हा. पुढे धरण आले, १९८५ साली अभयारण्य झाले, आणि वरची गावे उठली. आमच्या उसाला पाणी मिळते, त्यात त्या उठलेल्या घरांचा वाटा आहे. आम्ही खालचे लोक त्याची आठवण क्वचितच काढतो.

धरणातून सुटणारे पाणी गाळ खाली ठेवून आलेले असते, म्हणून ते भुकेले असते आणि वाटेत काठ खाते. धरणाखाली कडवीसारख्या नद्या आणि आमची उघडी शेते नवा गाळ देतात ते निराळेच. त्यातच २००५, २०१९, २०२१ असे महापूर. पाणी चढताना काठ भिजून फुगतो. ते झपाट्याने उतरले की त्याचा आधार जातो आणि दरड धाडकन ढासळते. कित्येकदा जमीन जाते ती पूर ओसरताना.

२०१९ नंतर माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मळ्यात वितभर नवा गाळ बसला. पहिल्याच वर्षी ऊस असा आला की लोक बघायला येत. त्याच्या शेजाऱ्याची काठाकडची पट्टी मात्र दोन नारळांच्या झाडांसह नदीत गेली. परवा तो सातबारा घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला आला होता. मी वाचून दाखवला. क्षेत्र पूर्वीइतकेच होते.

"म्हंजी कागदावर हाय न्हवं अजून?" त्याने विचारले, आणि कागद नीट घडी करून खिशात ठेवला.