म्हादईचं माहेर

सत्तरीत म्हादई आणि पणजीला मांडवी, पण तिचं माहेर घाटावर, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानात. तिचं रौद्र रूप पाहायचं तर चोर्ला घाट चढून जांबोटी गाठावी आणि वनखात्याच्या परवानगीने गवळी-चापोलीच्या जंगलात शिरावं. खूप चालल्यावर झाडी विरळ होते, पायाशी दरी उघडते आणि समोर वज्रपोहा कोसळताना दिसतो. 'वज्र' म्हणताना मला आपल्याकडचा 'वझर' आठवला.

त्या कड्यावर मनात आल्या त्या सरहद्दी. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. मग तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. खाली गोव्यात मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते. म्हणजे पाच वर्षं नदी म्हैसूरात उगम पावून पोर्तुगिजांच्या मुलखात उतरत होती! तिला कुणी परवाना मागितला नाही.

आज तिच्या पाण्याचाच हिशेब चाललाय. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. त्यातलं ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा नाल्यांवरून मलप्रभेत वळवायचं आहे. मलप्रभा उगम पावते ती शेजारच्याच कणकुंबीला, आणि पूर्वेकडे कृष्णेला मिळते. एकाच डोंगराचा पाऊस दोन समुद्रांना वाटून देण्याचं काम निसर्गाने कधीच करून ठेवलंय.

म्हादईवर तावातावाने बोलणाऱ्या प्रत्येक गोंयकाराने एकदा तरी ही दरी पाहावी. भर पावसात नको, वाट निसरडी असते. दिवाळीच्या सुमारास जावं.