रक्तशर्करान्यूनता, बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरची

वजन घटविण्यासाठी जठरावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर, बहुधा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा, जेवल्यावर एक ते तीन तासांत रक्तातील साखर घसरण्याचा विकार [→ मधुमेह, लठ्ठपणा].

उगम : जठर-बायपास ही अशी शस्त्रक्रिया अमेरिकेत १९६६ च्या सुमारास सुरू झाली. त्यानंतर उद्भवणाऱ्या या विकाराचे सहा रुग्ण मेयो क्लिनिकने २००५ मध्ये नोंदविले. अन्न लहान आतड्यात झपाट्याने उतरते, जीएलपी-१ हे संप्रेरक वाढते आणि गरजेहून जास्त इन्शुलिन स्रवते [→ इन्शुलिन].

लक्षणे : घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, साखर ५४ मिग्रॅ./डेसिलिटरच्या खाली गेल्यास गोंधळ, झटके, बेशुद्धी. रसवंतीतला उसाचा रस किंवा शिरा साखर आधी चढवतो, मग पाडतो. थोडे थोडे खाणे, मटकीची उसळ, दही, अंडे यांसारखी प्रथिने आणि गरजेनुसार अकार्बोज हे औषध, असे उपचार असतात.

महत्त्व : आशियाई लोकांत अशा शस्त्रक्रियेचा विचार कमी वजनालाही का होतो, हे एका तुलनेतून कळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या डॉक्टरांचा शरीरभार निर्देशांक (बीएमआय) सारखाच, २२.३. मात्र शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१ टक्के. ही तुलना ‘लॅन्सेट’ने २००४ मध्ये छापली. आशियाई लोकांत कमी निर्देशांकालाही चयापचयाचे विकार जडतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ पासून सुचविला आहे.

पूर्वी मधुमेह नसलेल्यांनाही हा विकार होतो. भोवळ येत असल्यास वाहन चालवू नये आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेची माहिती आवर्जून द्यावी.