पॅरिशचा पैसा आणि पोरकीं मुलें

इंग्लंडांतील पोरक्या मुलांच्या पालनपोषणाचा इतिहास वाचतांना आपलें लक्ष बहुधा त्यांच्या बालपणाकडेच जातें. वस्तुतः त्या व्यवस्थेची खरी पारख व्हावयाची ती मूल आश्रयाचें दार ओलांडून बाहेर पडतें त्या वेळीं. तेव्हां त्याच्या नांवें पैसा किती खर्चिला, यापेक्षां तो कोणत्या हेतूनें खर्चिला, हें पाहणें अधिक बोधप्रद आहे.

१६०१ च्या दारिद्र्य-कायद्यानें हा भार पॅरिशवर, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दींतील वस्तीवर, टाकला. तेथील अधिकारी पोरक्या मुलास एखाद्या धन्याकडे उमेदवारीस ठेवीत; आरंभीं मुलगा २४ वर्षांचा होईपर्यंत असा बांधलेला राही. धन्यास पुष्कळदां कांहीं रक्कमही मिळे. वरवर पाहतां हें औदार्यच! परंतु १६९१ च्या कायद्यान्वयें उमेदवार ज्या पॅरिशमध्यें ४० दिवस राही तेथलाच तो रहिवासी ठरे, आणि पुढें निराधार झाल्यास तिकडच्या तिजोरीवर त्याचा भार पडे. मग अधिकारी धनी शोधावयास शेजारच्या गांवीं कां जात, हें निराळें सांगावयास नको. ती रक्कम मुलाच्या संसाराचें भांडवल नव्हती. त्याच्यापासून सुटका करून घेण्याचें तें मोल होतें. लंडनच्या पॅरिशांनीं तर मुलें गाड्या भरभरून उत्तरेकडील सूतगिरण्यांकडे धाडलीं. अखेर १८१६ सालीं पार्लमेंटास लंडनपासून ४० मैलांची मर्यादा घालावी लागली.

१९४५ सालीं डेनिस ओनील हा १२ वर्षांचा मुलगा, न्यूपोर्टच्या नगरसभेनें त्यास ज्या शेतकऱ्याच्या घरीं ठेविलें होतें, तेथेंच छळानें मरण पावला. सारा देश हादरला. १९४६ त मायरा कर्टिस ह्यांच्या समितीचा अहवाल आला आणि १९४८ त बालक-कायदा झाला. पूर्वीं आश्रयास असलेल्या तरुणास १८ वर्षांनंतरही निर्वाहासाठीं वा शिक्षणासाठीं पैसे देण्याची मुभा त्यानें कौन्सिलांस दिली. मुभा, सक्ति नव्हे. 'देतां येईल' आणि 'दिलेंच पाहिजे' ह्यांतील अंतर कायदेपंडितास अल्प वाटेल. दाराबाहेर उभ्या असलेल्या पोरास तें फार मोठें आहे.

१९८९ च्या कायद्यानेंही पैशाची मदत ऐच्छिकच ठेविली. आणि मग जुना हिशेब नव्या वेषांत परत आला. सोळाव्या वर्षीं मुलास मोकळें केलें कीं त्याचा बराचसा खर्च कौन्सिलच्या वहींतून निघून मध्यवर्ती सरकारच्या भत्त्यांवर जाई. ४० दिवसांचा रहिवास आठवावा! २००० च्या कायद्यानें हें मर्म ओळखलें. अशा सोळा-सतरा वर्षांच्या बहुतेक मुलांचे सरकारी भत्तेच त्यानें बंद केले व त्यांच्या निर्वाहाचा भार कौन्सिलवर बंधनकारक म्हणून टाकला. शिवाय २१ वर्षांपर्यंत, आणि शिक्षण चालू असल्यास त्यापुढेंही, प्रत्येकास एक सल्लागार नेमून दिला. २०१७ च्या कायद्यानें हा सल्लागार सर्वांसच २५ वर्षांपर्यंत मिळूं लागला. भत्ते बंद करणें हें ऐकावयास कठोर वाटतें खरें. पण माझ्या मतें २००० च्या कायद्यांतील सर्वांत शहाणें कलम तेंच. मुलास लवकर बाहेर काढण्यांत कौन्सिलचा जो फायदा होता, तो त्या कलमानें नाहींसा केला.