पाचामुखी परमेश्वर?

आपल्याकडे म्हणतात, पाचामुखी परमेश्वर. पाच जण जे सांगतील ते खरं धरून चालावं. गावकीच्या न्यायनिवाड्यात हा नियम बरा आहे. त्याने चूक झालीच तर फार तर बांध चार बोटं इकडचा तिकडे होतो. पण हाच नियम माणसाने एका यंत्रात बसवला, ते यंत्र पाठीवर बांधलं आणि समुद्राच्या तळाशी गेला. त्यातून काय निघालं त्याची ही हकिकत.

यंत्राचं नाव रिब्रीदर. साधा पाणबुडा टाकीतली हवा घेतो आणि उच्छ्वास पाण्यात सोडून देतो. म्हणूनच बुडबुडे दिसतात. या बुडबुड्यांतून केवढी उधळपट्टी होते पाहा! हवेत ऑक्सिजन २१ टक्के, आणि आपल्या उच्छ्वासातही तो सोळाएक टक्के शिल्लकच असतो. म्हणजे घेतलेल्यापैकी बराचसा आपण न वापरताच परत करतो. रिब्रीदर हा उच्छ्वास वाया जाऊ देत नाही. त्यातला कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषून घ्यायचा, शरीराने खर्च केला तेवढाच ऑक्सिजन वरून घालायचा आणि तीच हवा पुन्हा फुफ्फुसात. हिशेब सोपा वाटतो ना?

हेन्री फ्ल्यूस या इंग्रजाने १८७८ च्या सुमारास असं उपकरण केलं. त्याच वेळी इंग्लंड आणि वेल्सच्या मध्ये सेव्हर्न नदीखालून रेल्वेचा बोगदा खणत होते. १८७९ च्या ऑक्टोबरात एका मोठ्या झऱ्याचं पाणी आत शिरलं आणि बोगदा बुडाला. आतला एक लोखंडी दरवाजा बंद केल्याशिवाय पाणी उपसणं शक्य नव्हतं. अलेक्झांडर लॅम्बर्ट हा पाणबुडा नेहमीचा पोशाख घालून गेला, पण हवेची लांब नळी ओढता ओढता थकून परत आला. मग १८८० च्या नोव्हेंबरात त्याने फ्ल्यूसचं उपकरण पाठीवर घेतलं आणि काळ्याकुट्ट अंधारात, बुडालेल्या बोगद्यातून सुमारे हजार फूट चालत जाऊन तो दरवाजा बंद केला. वाचताना आजही अंगावर काटा येतो.

गंमत अशी की ज्या १८७८ साली हे उपकरण आकार घेत होतं, त्याच साली फ्रान्समध्ये पॉल बेर या शास्त्रज्ञाचा हवेच्या दाबावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दाबाखाली श्वासात घेतलेला ऑक्सिजन विषासारखा वागतो, झटके आणतो, हे त्याने प्रयोगांतून दाखवलं होतं. ज्याच्याशिवाय पाच मिनिटं जगता येत नाही, तोच जास्त झाला की जिवावर उठतो!

याचा खरा हिशेब लागला तो दुसऱ्या महायुद्धात. १९३९ च्या जूनमध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात बुडून ९९ माणसं गेली. त्यानंतर जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतःला आणि सहकाऱ्यांना दाबाच्या टाकीत कोंडून ऑक्सिजनचे प्रयोग केले. त्या झटक्यांत त्यांच्या पाठीच्या मणक्याला कायमची दुखापत झाली. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) पुढे ब्रिटिश नौदलाच्या केनेथ डोनाल्ड यांनी स्वयंसेवक पाणबुड्यांवर पद्धतशीर चाचण्या घेतल्या. त्यांचे निष्कर्ष १९४७ मध्ये छापून आले आणि ते अस्वस्थ करणारे होते. एकच माणूस एका दिवशी जेवढा ऑक्सिजन आरामात सोसतो, तेवढ्यानेच दुसऱ्या दिवशी काही मिनिटांत त्याला झटके येतात. कोरड्या टाकीत जे सोसतं ते पाण्यात सोसत नाही. आणि पुष्कळदा आधी काही सूचनाच मिळत नाही.

दुसऱ्या टोकाचा धोका तर आणखी गुपचूप येतो. ऑक्सिजन कमी पडला की आपल्याला घुसमट होईल असं वाटतं, पण घुसमटीची जाणीव मुख्यतः साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. रिब्रीदर तो शोषून टाकतो. त्यामुळे पाणबुड्याला अगदी छान वाटत असतं, आणि तो छान वाटता वाटताच बेशुद्ध होतो.

थोडक्यात, ऑक्सिजनचा आंशिक दाब एका अरुंद पट्ट्यात ठेवायचा. जमिनीवर आपण ०.२१ वातावरणदाबाला असतो. ०.१६ च्या खाली गेलात तर शुद्ध हरपण्याचा धोका, १.६ च्या वर गेलात तर झटक्यांचा. आणि या पट्ट्यात आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारं इंद्रिय देवाने दिलेलं नाही. ते बाहेरून आणावं लागतं.

१९४० मध्ये अमेरिकी सैन्याला पाणबुडीतला ऑक्सिजन मोजायचा होता, तेव्हा लायनस पॉलिंग यांनी एक नामी युक्ती काढली. ऑक्सिजन हा चुंबकाकडे ओढला जाणारा वायू आहे. त्यांनी काचेचं इवलंसं डंबेल बारीक तंतूवर टांगून चुंबकाच्या दोन ध्रुवांत ठेवलं. ऑक्सिजन जितका जास्त, तितकं ते वळायचं. अर्नोल्ड बेकमन यांनी ही यंत्रं बनवली. पण असला नाजूक झोका पाठीवर घेऊन कोण पोहणार?

तो प्रश्न रसायनाने सोडवला. १९५० च्या दशकात लेलंड क्लार्क यांनी पातळ पडद्याआडचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड केला आणि तिथून विजेच्या भाषेत ऑक्सिजन मोजणारे छोटे सेल निघाले. १९६८ च्या सुमारास वॉल्टर स्टार्क आणि जॉन कॅनविशर यांनी इलेक्ट्रोलंग हे रिब्रीदर केलं. सेन्सर मोजणार, इलेक्ट्रॉनिक्स ठरवणार, व्हॉल्व्ह ऑक्सिजन सोडणार. पुढे ते बेकमन यांच्याच कंपनीकडे गेलं, आणि जीवघेण्या अपघातांनंतर बंद झालं.

नंतरच्या रिब्रीदरांत जो सेल रुळला त्यात शिसं असतं. पडद्यातून ऑक्सिजन आत येतो, शिशाशी त्याची प्रक्रिया होते आणि काही मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे ही एक छोटी बॅटरीच, आणि बॅटरीप्रमाणे ती झिजते. वर्ष-दीड वर्षात बदलावी लागते. पण झिजण्याची तऱ्हा वाईट. म्हातारा सेल किनाऱ्यावरच्या साध्या हवेत अगदी बरोबर आकडा दाखवतो, आणि खाली जास्त ऑक्सिजन आला की त्याला तेवढा विद्युतप्रवाह झेपत नाही. प्रत्यक्ष १.३ असताना तो १.० वरच अडकतो. मग यंत्राला वाटतं ऑक्सिजन कमी आहे, आणि ते आणखी सोडतं. आणखी. आणखी...

एका सेलवर भरवसा नको म्हणून तीन बसवले. दोघांचं जमलं आणि तिसरा वेगळं बोलला, तर तिसरा खोटा. पाचामुखी नाही, दोनामुखी परमेश्वर! पण हे तिघे कोण? बरेचदा एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच कारखान्याच्या एकाच घाणीतले, एकाच दमट पिशवीत सारखेच म्हातारे झालेले. त्यांतले दोघे एकदमच झिजले, तर ते एकमुखाने खोटं बोलतात आणि खरं बोलणारा तिसरा मतदानात हरतो. २०१२ साली ऑर्लँडोला भरलेल्या रिब्रीदर परिषदेत या मतमोजणीवर स्पष्ट बोट ठेवलं गेलं. साक्षीदार तीन असले, तरी ते स्वतंत्र नसतील तर साक्ष एकच.

आता थोडं मागे, १९३० च्या दशकात जाऊ. जर्मनीत हान्स काउट्स्की हे रसायनशास्त्रज्ञ रंगद्रव्यांची चमक अभ्यासत होते. सिलिका जेलवर बसवलेला रंग प्रकाश पडल्यावर चमकायचा, आणि किंचित ऑक्सिजन आत सोडला की ती चमक विझायची. काउट्स्की म्हणाले, रंगाची ऊर्जा ऑक्सिजनचा रेणू उचलतो आणि स्वतः उत्तेजित होतो. बहुतेक समव्यावसायिकांनी हे मानलं नाही. तीसएक वर्षं बहुमत त्यांच्या विरुद्ध होतं. १९६४ च्या सुमारास नव्या प्रयोगांनी ते बरोबर असल्याचं दाखवलं. १९६६ मध्ये ते वारले.

त्या विझणाऱ्या चमकेतूनच घन-अवस्था सेन्सर निघाला. १९६८ मध्ये या तत्त्वावर हवेतला ऑक्सिजन मोजल्याचं 'नेचर'मध्ये छापून आलं, १९७५ मध्ये ल्युबर्स आणि ओपिट्झ यांनी असे प्रकाशीय सेन्सर वैद्यकासाठी पुढे आणले, आणि २०१० च्या दशकात ते विक्रीच्या रिब्रीदरात पोचले. पातळ पापुद्र्यात रंगद्रव्य, त्यावर एलईडीचा झोत, आणि चमक किती मायक्रोसेकंद टिकली याचं मोजमाप. एलईडी थोडा मंदावला तरी चमकेचा काळ बदलत नाही. शिसं नाही, द्राव नाही, मोजताना काही खर्च होत नाही. आणखी एक मौज म्हणजे ऑक्सिजनच्या ज्या दोन एकट्या इलेक्ट्रॉनांमुळे पॉलिंगचं डंबेल वळायचं, त्यांच्याचमुळे तो इथे चमक विझवण्यात इतका पटाईत ठरतो.

म्हणजे प्रश्न सुटला? तसं म्हणवत नाही. ऑक्सिजन जास्त झाला की चमक क्षीण होते आणि आकड्यातली बारकाई कमी होते. तापमानाचा हिशेब धरावा लागतो. आणि बहुतेक रिब्रीदरांत अजून शिशाचेच सेल आहेत.

मला या सगळ्यात मोलाची वाटते ती जुन्या पाणबुड्यांची एक साधी सवय. खाली असताना मधूनच, ज्याचं प्रमाण माहीत आहे असा वायू पिशवीत भरायचा. आपण किती खोल आहोत ते ठाऊक असतं, म्हणजे आकडा किती यायला हवा ते मनात काढता येतं. तेवढा आला तर ठीक, नाही तर वरचा रस्ता धरायचा. तिथे सेल एकमेकांना विचारत नाहीत. प्रत्येकाला बाहेरच्या एका सत्यासमोर उभं केलं जातं.

पाच मुखं एकच बोलत असतील तर छानच. फक्त ती एकाच घाणीतली तर नाहीत ना, एवढं विचारायला हवं. आणि गप्प बसवलेला सहावा काय म्हणत होता, तेही.